आखणीवाल्याचा अपास्त

४ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, कंबर कधी दुखते, किती दुखते आणि त्याआधी काय केलं होतं, ते महिनाभर लिहून ठेवा. ठमीनं तिची एक वही दिली. पुढची पंचवीस-तीस पानं फाडलेली. म्हटलं, अगं चांगली वही, फाडलीस कशाला? म्हणाली, "जुनं होतं बाबा ते. नको होतं."

सकाळी सात ते नऊ: ठीक. नऊ ते अकरा: वाकून आखणी. दुखली. जेवल्यावर: दुखली. सुटायच्या वेळी: दुखली.

असंच असेल तर महिन्याचं सगळं आजच लिहून मोकळं होता येईल.

५ जानेवारी

आज कंबर बाजूला राहिली.

मी पत्र्याच्या कारखान्यात आखणीवाला आहे. जाड पत्रा कापायच्या आधी तो नेमका कुठं कापायचा, ते त्याच्यावर खडूनं आणि टोच्यानं आखून द्यायचं, हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. माझ्या रेघेवरून गॅसकटर कापतो, त्याच्या कापावरून वेल्डर जोडतो. रेघ चुकली की पुढचे सगळे चुकतात आणि शिव्या मला पडतात.

सकाळी फोरमननं बोलावून सांगितलं, की मार्चमध्ये नवं मशीन येतंय. कॉम्प्युटरवर आकृती भरायची, मशीन आपलं आपण कापतं. म्हणजे आखणी बंद. आम्ही आखणीवाले दोघं. दुसरा यंदा निवृत्तच होतोय, तो म्हणाला, मी सुटलो बाबा. राहिलो मी.

"मशीनवर आकृत्या भरायला एक माणूस घेणार आहेत. तुझा हक्क पहिला," फोरमन म्हणाला. "पण लेखी परीक्षा आहे. दहा फेब्रुवारीला. शंभरपैकी साठ पाहिजेत."

"आणि नाही पडले तर?"

"तर यार्डात."

यार्डात म्हणजे माल चढवायचा आणि उतरवायचा. माझ्या कंबरेला यार्ड म्हणजे सरळ नोकरी सोडून घरी बसणं.

इंजिनिअरबाईंनी अभ्यासाची यादी दिली. वयानं माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान, पण बोलतात नीट, अहो-जाहो करतात. यादीत बरंच काही होतं. त्यातलं निम्मं हातानं येतं, फक्त त्याला काय म्हणतात ते माहीत नाही. शेवटच्या ओळीवर मात्र अडलो. 'अपास्त व त्याचे घटक.' मी म्हटलं, बाई, हे मला बरखास्तसारखं वाटतंय. त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

६ जानेवारी

संध्याकाळी ठमीला यादी दाखवली. (लहानपणी ठुमकत चालायची म्हणून ठमी. आता सतरा संपतील. बारावीला आहे, गणित घेऊन.) म्हटलं, "हे तुला येतं ना गं?"

ती यादीकडे बघत राहिली. मग आईकडे बघितलं. आमची ही कणीक मळत होती, मान वर न करता म्हणाली, "येईल तिला."

येतंच की. येईल काय! पण हिची बोलायची पद्धतच तशी, कुणाचं सरळ कौतुक म्हणून करायचं नाही.

"मला शिकवशील?" मी विचारलं. "महिना आहे हातात. रोज जेवायच्या आधी एक तास."

"मी, बाबा?"

"मग काय शेजारणीला विचारू?"

यादीची घडी करून म्हणाली, "उद्यापासून करू."

९ जानेवारी

कंबर: मध्यम.

जेवताना सांगत होतो, की गॅसकटरच्या पुतणीला गणितात चाळीस पडले आणि हा पठ्ठ्या ते सगळ्यांना सांगत फिरतोय. मी म्हटलं, चाळीस मार्क घेऊन लोक तोंड कसं दाखवतात कोण जाणे. आमच्या घरात असलं काही नाही ते बरं.

ठमी अर्ध्या ताटावरून उठली. हल्ली मुलींचं खाणंच कमी झालंय. ही माझ्याकडे अशी बघत होती, जसं काही मीच तिच्या ताटातलं काढून घेतलं.

११ जानेवारी

अपास्त सुरू झाला. मी समजत होतो एक वळणदार रेघ असेल. निघाल्या दोन. एकमेकींकडे पाठ करून उभ्या. एक डावीकडे उघडते, एक उजवीकडे, आणि दोन्ही मिळून एकच अपास्त. त्या तुकड्यांना शाखा म्हणायचं. पाठी जिथं सगळ्यांत जवळ येतात ते दोन शिरोबिंदू. दोन शिरोबिंदू जोडले की मध्यावर केंद्र.

मी म्हटलं, "थांब. केंद्रावर तर काहीच नाही. रेघ तिकडं, रेघ इकडं, आणि केंद्र मोकळ्या जागेत?"

"वर्तुळाचं केंद्रही मोकळ्या जागेतच असतं की, बाबा."

"तिथं कंपासचं टोक तरी टेकतं. इथं काय टेकतं?"

तिनं पुस्तकाचं पान पुढं उलटलं, मागं उलटलं. कान लाल झाले. "उद्या सांगते," म्हणाली.

आमच्या शाळेतले मास्तरही असंच करायचे. पोरांनी स्वतः विचार करावा म्हणून उत्तर राखून ठेवायचे. पोरगी शिकवण्यात कडक आहे.

१२ जानेवारी

आज फळी आणि दोन खिळे घेऊन बसली. खिळे दहा सेंटिमीटर अंतरावर ठोकले.

"हे दोन खिळे म्हणजे नाभी," म्हणाली. "कंपास घ्या. या खिळ्यापासून पाच आणि त्या खिळ्यापासून अकरा, जिथं छेदतात तिथं टिंब करा. आता इथून सहा, तिथून बारा. मग सात आणि तेरा."

मला हे सांगायला नको. आयुष्यभर कंसच मारत आलोय. दहा मिनिटांत टिंबांची रांग उभी राहिली आणि त्यातून ती वळणदार रेघ आपोआप निघाली. उलट्या बाजूनं केलं तर दुसरी.

"काय सारखं होतं सगळ्यांत?" तिनं विचारलं.

पाच-अकरा. सहा-बारा. सात-तेरा. "फरक," मी म्हटलं. "दरवेळी सहाचा फरक."

"हाच अपास्त! कुठलाही बिंदू घ्या, दोन नाभींपासूनच्या अंतरांचा फरक तोच. आणि तो फरक म्हणजे दोन शिरोबिंदूंमधलं अंतर. मोजा."

मोजलं. सहा. तिला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. जणू तीही हे पहिल्यांदाच बघत होती. अशा मनानं शिकवणारी माणसं कमी असतात. पुस्तकावर सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का होता. कॉलेजचं सोडून हे कशाला, विचारलं, तर म्हणाली, यात सोपं करून दिलंय.

कंबर: लक्षात नाही.

१६ जानेवारी

दुपारी ग्राइंडरच्या आवाजात फोन आला. बाईचा आवाज, "आपली मुलगी कॉलेजला" एवढंच ऐकू आलं. बाहेर येईपर्यंत तुटला. परत लावला तर उचलेनात.

घरी विचारलं. ठमी म्हणाली, पालकांची सभा होती, ती रद्द झाल्याचं सांगत असतील. ही मध्येच म्हणाली, "तुमची परीक्षा होऊ दे आधी. एका वेळी एक." बरोबर आहे. माझ्या डोक्यात आता सभा-बिभा मावणारही नाही.

२० जानेवारी

थकलो. आठ तास उभं राहून आल्यावर डोळ्यांपुढं अक्षरं मुंग्यांसारखी चालतात. अनुप्रस्थ अक्ष आणि संयुग्मी अक्ष. अनुप्रस्थ म्हणजे शिरोबिंदूतून शिरोबिंदूला जाणारा आडवा, तो समजला, त्याच्या निम्म्याला a म्हणतात. संयुग्मी म्हणजे केंद्रातून उभा, त्याच्या निम्म्याला b. पण उभ्याला अपास्त कुठं शिवतच नाही! जिथं रेघ पोचतच नाही त्याची लांबी कशी मोजायची? ठमी म्हणाली उद्या. मी म्हटलं, तुझं रोज उद्या, माझ्याकडे उद्या उरलेत वीस.

रागानं वही आपटली. नको होतं आपटायला.

२१ जानेवारी

ठमी आज उशिरा आली, साडेसहाला. म्हटलं, कॉलेज तर दोनला सुटतं. म्हणाली, "तुमचा संयुग्मी अक्ष शोधत होते."

मग कागदावर आयत काढला. रुंदी सहा, उंची आठ, मध्यभागी केंद्र. म्हणाली, "अपास्ताच्या पाठी या आयताच्या उभ्या बाजूंना बरोबर मध्यावर टेकतात. ते तुमचे शिरोबिंदू. आयताची उंची म्हणजे संयुग्मी अक्ष. आता कर्ण काढा."

काढले दोन्ही.

"ते बाहेर लांबवा. या अनंतस्पर्शिका. अपास्त यांच्या जवळ जवळ जातो, शिवत मात्र कधीच नाही."

"नाव स्पर्शिका आणि शिवायचं नाही?"

"बाबा!"

"बरं, बरं."

"आता केंद्रापासून आयताच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर सांगा. आडवं तीन, उभं चार."

मी मोजलंसुद्धा नाही. "पाच."

"कसं कळलं?"

"अगं, गुण्या नसला की आम्ही काटकोन कसा बघतो? एका कडेला तीन, दुसऱ्या कडेला चार, तिरकं पाच आलं की कोपरा खरा. हे तर पहिल्या महिन्यात शिकवतात."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग कंपास केंद्रावर टेकवून पाचाच्या अंतरानं आडव्या अक्षावर कंस मारला. "आणि ही तुमची नाभी. खिळ्यांमधलं अंतर दहा होतं ना? निम्मं पाच."

मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसलो. खिळे, शिरोबिंदू, आयत, तिरक्या रेघा, सगळं एकाच गुण्यात बसत होतं. आणि केंद्रावर काय टेकतं तेही कळलं. कंपासचं टोकच टेकतं.

"हे तुमचं तीन-चार-पाच पुस्तकात असं नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "लिहायला हवं होतं. मला आधी कळलं असतं."

२४ जानेवारी

आज कामावर एक गोष्ट झाली. धान्याच्या कोठीखालचं नसराळं होतं, मोठं, शंकूच्या आकाराचं. त्याला बाहेरून एक उभी प्लेट भिडवायची होती. त्या प्लेटची कड शंकूला बसेल अशी वळणात कापावी लागते. हे वळण मी शेकडो वेळा आखलंय. एकेक उंची घ्यायची, तिथं शंकू किती रुंद ते काढायचं, टिंब द्यायचं, टिंबं जोडायची.

जोडली आणि हात थांबला. हा तर तोच. अपास्ताची एक शाखा. पत्र्यावर, खडूनं.

उगाच करून बघितलं. शंकूच्या दोन बाजूंचा उतार प्लेटवर आखला. वळण वर त्या उताराच्या जवळ जवळ जात होतं, शिवत नव्हतं. प्लेट शंकूच्या मध्यापासून लांब सरकवली तर वळण बोथट होतं, जवळ आणली तर टोकदार. उतार मात्र तेच राहतात.

गॅसकटरला बोलावून दाखवलं. म्हटलं, याला अपास्त म्हणतात. तो म्हणाला, "पंचवीस वर्षं कापतोय, आणि नाव आज कळतंय? म्हणजे नातवंडं झाल्यावर बायकोला नाव विचारण्यासारखं झालं."

घरी येऊन ठमीला सांगितलं. तिनं सगळं पुन्हा काढायला लावलं, स्वतःच्या वहीत उतरवून घेतलं. म्हटलं, तुला कशाला, तुला येतं की. म्हणाली, "असू दे."

३० जानेवारी

आज काहीच आलं नाही. समीकरणात उणे कुठल्या बाजूला, त्यावरून अपास्त आडवा की उभा ते ठरतं. मी दहापैकी सहा चुकवले. नाभिलंबाचं, म्हणजे नाभीतून जाणाऱ्या उभ्या रेघेच्या लांबीचं, सूत्र चार वेळा विसरलो. म्हटलं, ठमे, सोड. एक्कावन्न वर्षांच्या डोक्यात भोक पडलंय, वरून ओतायचं आणि खालून पुसायचं. यार्ड तर यार्ड.

तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "मलाही पहिल्यांदा काहीच कळलं नव्हतं, बाबा. पेपर समोर आला, सगळं वाचता येत होतं, आणि हात उचलेना. तीन तास तशीच बसले."

"कधी गं? दहावीत?"

"हो. तेव्हाच कधीतरी."

"आणि तरी पास झालीसच ना? मग मीही होईन."

तिनं पुस्तक परत उघडलं. पोरीच्या धीर देण्याच्या युक्त्या बऱ्या आहेत. दहावीत तिला ब्याऐंशी होते, मला काय आठवत नाही होय!

कंबर: वाईट.

१० फेब्रुवारी

परीक्षा झाली. कारखान्याच्या कँटीनमध्ये, एका टेबलावर मी एकटा, समोर इंजिनिअरबाई. तीन तास. घाम इतका, की कागद मनगटाला चिकटत होता.

अपास्ताचा प्रश्न वीस मार्कांचा. शिरोबिंदूंमधलं अंतर दहा, नाभींमधलं सव्वीस, सर्व घटक काढून आकृती काढा. वाचलं आणि डोकं कोरं. ठमी म्हणाली होती तसंच, हात उचलेना. मग मनात म्हटलं, गुण्या लाव. आडवं पाच, तिरकं तेरा, उभं किती? बारा. संयुग्मी अक्ष चोवीस. आयत काढला, कर्ण लांबवले, दोन शाखा काढल्या.  नाभिलंब मात्र गेला. आठवलाच नाही.

बाई कागद उचलताना म्हणाल्या, "आकृती सुंदर आहे." आकृतीनं पोट भरत नाही, हे मी बोललो नाही.

१३ फेब्रुवारी

त्रेसष्ट.

फोरमननं पाठीवर थाप मारली, नेमकी कंबरेजवळ. गॅसकटरनं सगळ्यांना चहा पाजला. घरी आलो, सांगितलं, आणि ठमी रडायला लागली. एवढी रडली, की हिला तिला आत न्यावं लागलं. मला वाटलं होतं उड्या मारेल.

१५ फेब्रुवारी

आज अर्धा दिवस सुटी घेतली. मनात होतं, की पोरीला इतकं चांगलं गणित ज्यांनी शिकवलं त्या सरांचे आभार मानावेत. उरलेल्या पत्र्यातून पेनं ठेवायचा एक डबा वाकवला होता, कडा घासून गुळगुळीत केलेला. तो घेऊन कॉलेजात गेलो. कुणाला न सांगता.

गणिताचे सर म्हातारे आहेत, पुढच्या वर्षी सुटतील. ठमीचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही वडील? बरं झालं आलात. आम्ही किती फोन केले. ती नोव्हेंबरपासून कॉलेजला आलेली नाही."

मी म्हटलं, दुसरी कुणी असेल. त्यांनी हजेरीपट दाखवला. दुसरी नव्हती.

"सहामाहीत गणितात अकरा होते," ते म्हणाले. "अकरापण मी ओढूनताणून दिले. पेपर जवळपास कोराच होता."

मी डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. का ठेवला माहीत नाही. त्यांनीही विचारलं नाही. बसची वाट न बघता चालतच घरी आलो.

त्याच दिवशी, पुढं

ही घरी होती. म्हटलं, तुला माहीत होतं?

"जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून," ही म्हणाली. "वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं. रोज सकाळी उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसते म्हणाल्या. मी तिला बोलले, की आता तुझ्या बाबांना सांग. आणि पाच तारखेला तुम्ही ते यार्डाचं घेऊन आलात. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतं!"

"आणि मग तुम्ही अभ्यास केला असता?"

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते लिहीत नाही. तेवढ्यात ठमी दारात. पाठीवर दप्तर. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"अकरा," मी म्हटलं.

"हो."

"मग मला शिकवलंस कसं?"

"दिवसभर वाचनालयात बसून स्वतः शिकायचे. जे कळलं नाही ते उद्यावर ढकलायचे. कळलं की तुम्हाला सांगायचे." आवाज अगदी बारीक होता. "तुमचा पेपर तरी कोरा जायला नको होता."

"आणि मला सांगितलं का नाहीस? ऑक्टोबरातच?"

तिनं आईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. "तुम्ही कारखान्यात सगळ्यांना सांगत होता ना बाबा, पोरगी गणितात हुशार आहे म्हणून."

मी खाली बसलो. बसल्यावर आठवलं, चाळीस मार्कांचं ते मी ठमीच्याच ताटासमोर बोललो होतो.

कुणी जेवलं नाही नीट.

१७ फेब्रुवारी

काल लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही बोलणंच झालं नाही घरात.

आज सरांचा फोन आला. परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. हजेरी कमी असली तरी त्यांनी लिहून दिलं तर तिला बसता येईल. "पण तिला काही येतं, हे माझ्या डोळ्यांना दिसल्याशिवाय मी सही करणार नाही. बुधवारी घेऊन या."

ठमी म्हणाली, मी जाणार नाही. ही म्हणाली, जाशील. मी बोलायचा हक्क कुठल्या तोंडानं सांगायचा?

१९ फेब्रुवारी

बुधवार. गेलो. शिवजयंतीची सुटी, वर्ग रिकामा, बाक उलटे करून ठेवलेले, पहिल्या ओळीतले दोन सरळ केलेले, एकावर सर. माझा डबा त्यांच्या कागदांशेजारी होता, त्यात दोन पेनं आणि खडू. मी दाराजवळ उभा राहिलो.

"अपास्त काढ," सर म्हणाले. "घटक सांग. घाई नाही."

ठमी फळ्यापाशी गेली. खडू घेतला. हात वर गेला आणि तिथंच राहिला. एक मिनिट. दोन. खडूचं टोक फळ्यावर टेकलेलं, रेघ नाही. मान खाली जात जात इतकी गेली, की वेणी पुढं पडली. सर वाट बघत होते, नंतर खिडकीबाहेर बघायला लागले. चांगला माणूस, तिच्याकडे बघत राहणं त्यांना जमेना.

मला माझं कँटीन आठवलं. माझ्यासमोर तरी एकटी ती बाई होती, आणि घरी शिकवणारी पोरगी होती.

म्हटलं, "सर, मी एक विचारू का?"

"विचारा."

मी पुढं जाऊन पहिल्या बाकावर बसलो. "ठमे, ते केंद्राचं मला परत सांग बरं. केंद्रावर काहीच नसतं मग त्याला केंद्र का म्हणायचं?"

ती वळली. डोळे भरलेले. "बाबा, ते तुम्हाला..."

"विसरलो. एक्कावन्न वर्षांचं डोकं. सरांचं राहू दे, मला सांग."

तिनं नाक पुसलं. फळ्यावर एक टिंब दिलं. "हे बघा," म्हणाली.  "इथं कंपासचं टोक टेकतं."

"आणि पुढं?"

"पुढं आयत." काढला. "या उभ्या बाजूच्या मध्यावर शिरोबिंदू."

"ते कसं ठरवलंस?"

"a वरून. हा निम्मा अनुप्रस्थ अक्ष आहे."

"आणि तिरक्या रेघा कशाला?"

"अनंतस्पर्शिका. तुम्हीच नाही का सांगितलं, शंकूचा उतार म्हणून?" आता ती माझ्याकडे तोंड करून बोलत होती आणि हात मागं फळ्यावर चालत होता. मी विचारत गेलो. नाभी कुठं? का तिथंच? फरक कसला? उणे इकडं का, तिकडं का नाही? एकूण एक मूर्ख प्रश्न, जे मी तिला महिनाभर विचारले होते, तेच विचारले, आणि दोन-चार नव्यानं तयार करून विचारले. ती चिडलीसुद्धा. "बाबा, हे आत्ताच सांगितलं ना!" सर केव्हा खिडकीपासून वळले ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही.

शेवटी तिनं नाभिलंब काढला, सूत्रासकट.

"हा मला परीक्षेत आला नव्हता," मी सरांना म्हटलं. हे मात्र खरं होतं.

सर उठले. फळा पूर्ण वाचला, डावीकडून उजवीकडे, पेपर तपासतात तसा. मग बाकावर बसून कागदावर सही केली. "तीन आठवडे रोज सकाळी साडेसातला माझ्याकडे," म्हणाले. "पास होशील असं मी म्हणत नाही. बसशील, एवढंच."

बाहेर आलो. ती कॉलेजच्या फाटकापर्यंत भराभर चालली. मग म्हणाली, "तुम्हाला सगळं येत होतं."

"बरंचसं."

"आणि परीक्षेत पुन्हा तसंच झालं तर? तिथं तुम्ही पहिल्या बाकावर येऊन बसणार आहात का?"

"नाही बसता येणार."

"मग?"

 तिच्या आईसारखं बोलता येत नाही मला. रस्ता ओलांडला, मग म्हटलं, "मग घरी ये आणि आधी मला सांग. अकरा पडले तर अकरा सांग. शून्य पडलं तर शून्य सांग. कारखान्यात काय सांगायचं ते माझं मी बघेन."

ती चालत राहिली. कोपऱ्यावर आलो तेव्हा म्हणाली, "बरं."

एवढंच म्हणाली. पण चालता चालता दप्तर काढून माझ्या हातात दिलं, लहानपणी शाळेतून येताना द्यायची तसं. जड होतं.